‘नाही’ म्हणालो म्हणजे ‘आहे’ म्हणालो का?

पत्र

ताई, मी सत्तावीस वर्षांचा, कराडचा. नोकरीसाठी पुण्यात असतो. बारावीपासूनच माझा देवावर विश्वास नाही. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. वडील होते तोवर कुणी फारसं काही म्हणत नव्हतं. ते तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून गणपतीच्या पूजेला मोठा मुलगा म्हणून मीच बसावं असा काकांचा आग्रह आहे. गेल्या वर्षी मी स्पष्ट नाही म्हणालो. शेवटी चुलतभाऊ बसला. आधी आई बाबांच्या शेजारी पूजेला बसायची, आता पूजा चालू असताना ती स्वयंपाकघरात असते. माझ्या त्या नकारानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

काका वारकरी आहेत, दरवर्षी पायी वारी करतात. ते म्हणतात, “जे नाहीच, त्याला नाही म्हणायला कोण जातं? तू नाही म्हणतोस, म्हणजेच तो आहे हे मान्य करतोस. कंसाने द्वेषाने का होईना, त्याचंच नाव घेतलं ना?” यावर मला उत्तर सुचत नाही. आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बाबा आयसीयूत होते त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसलेलो असताना माझ्या तोंडून “देवा, नको” असं गेलं. मग काकांचंच खरं आहे का? आणि यंदा गणपतीत काय करू?

उत्तर

काकांना उत्तर देता आलं नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, तेव्हा हुशार मुलंही या मुद्द्यापाशी येऊन थांबायची. हा मुद्दा हजार वर्षं जुना आहे आणि तो मांडणारा माणूस भारतातल्या सर्वांत तल्लख तर्कपंडितांपैकी एक होता.

मिथिलेचे उदयनाचार्य. त्यांच्या एका ग्रंथात शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४, असा काळ नोंदवलेला आहे. ‘न्यायकुसुमांजली’ हा त्यांचा ग्रंथ ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला. त्याच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ते निरीश्वरवाद्याला अडवतात. ईश्वर नाही हे तुम्ही अनुमानाने सिद्ध करणार ना? मग अनुमानाला आधी पक्ष लागतो, म्हणजे ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचं ती वस्तू. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे असं आपण म्हणतो, तेव्हा डोंगर हा पक्ष. डोंगरच नसेल तर अनुमान कशावर उभं राहणार? तुमच्या अनुमानाचा पक्ष आहे ईश्वर. तो सिद्धच नसेल तर अनुमान निराधार झालं. सिद्ध असेल, तर ज्या प्रमाणाने, म्हणजे पुराव्याने, तो सिद्ध झाला तेच प्रमाण तुमचं म्हणणं खोडून काढतं. दोन्हीकडून कोंडी.

काकांनी उदयनाचार्य वाचले असतील किंवा नसतील, बोलतात ते हेच.

आता या कोंडीतून बाहेर पडायची वाट बघ. ती उदयनाचार्यांच्याच न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या परंपरेत, सापडते. सशाला शिंग नाही, हे वाक्य खरं आहे यावर कुणाचाच वाद नाही. पण सशाचं शिंग तर कधी कुणी पाहिलेलं नाही, मग नाकारलं कशाला? नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, याचं फार सुरेख उत्तर दिलं. ससा आहे. शिंगंही आहेत, गाईला असतात, बैलाला असतात. सशाच्या डोक्यावर शिंगाचा अभाव आहे, एवढंच ते वाक्य सांगतं. त्यात जे जे आलं ते सगळं आपल्या ओळखीचं आहे. ‘सशाचं शिंग’ नावाची वस्तू कुठे तरी असावी लागत नाही.

आता तुझं वाक्य याच रीतीने मांड. हे जग आहे. कर्ता म्हणजे काय तेही आपल्याला माहीत आहे, मडक्याला कुंभार असतो (हा दृष्टांतही नैयायिकांचाच, मडक्यावरून कुंभार तसं जगावरून ईश्वर). तुझं म्हणणं एवढंच, की या जगाला तसा कुणी कर्ता नाही. काका म्हणतील, माझा विठोबा काही नुसता कर्ता नव्हे, तो हाकेला धावणारा आहे. चालेल. हाक म्हणजे काय, धावून येणं म्हणजे काय, हे तुला माहीत आहे. माणसाच्या हाकेला असं धावून येणारं जगापलीकडचं कुणी नाही, असं तू म्हणशील. काका ज्या ज्या अर्थाने देव म्हणतील, त्या त्या अर्थाने तुला नाही म्हणता येतं आणि त्यासाठी आधी हो म्हणावं लागत नाही.

बौद्धांनी हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सांगितली होती, तीही उदयनाचार्यांच्या कितीतरी आधी. सांख्य दर्शनातलं ‘प्रधान’, म्हणजे जगाचं मूळ कारण मानलेली प्रकृती, नाकारताना बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने म्हटलं, की आपण ज्याविषयी बोलतो ती शब्दामुळे मनात उभी राहिलेली कल्पना असते आणि नाकारतो ते तिच्याशी जुळणारी वस्तू बाहेर असणं. तुझ्या मनात देवाची कल्पना आहे, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. असणारच. कराडच्या घरात आरत्या ऐकत वाढलेल्या मुलाच्या मनात ती नसेल तर कुणाच्या असेल? पण ती कल्पना मनात असणं ही तुझ्या मनाविषयीची माहिती झाली.

युरोपात अकराव्या शतकात अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने असाच युक्तिवाद केला. ‘देव नाही’ म्हणणाऱ्या मूर्खाच्याही मनात देवाची कल्पना असते आणि ती नीट तपासली तर देव असलाच पाहिजे असं निघतं, असं त्याचं म्हणणं. त्या मूर्खाची बाजू घेऊन पहिलं उत्तर लिहिलं गोनिलो नावाच्या भिक्षूने. तो स्वतः मठात राहणारा, देवावर पूर्ण श्रद्धा असलेला माणूस होता. हे तुला मुद्दाम सांगते आहे. हा युक्तिवाद चुकीचा आहे असं म्हणायला नास्तिक असावं लागत नाही. काकाही तो सोडून देऊ शकतात, त्यांच्या विठ्ठलाला काही होणार नाही. खुद्द उदयनाचार्यांनीही त्यावर भिस्त ठेवलेली नाही. विरोधकाला अडवून झाल्यावर पाचव्या स्तबकात ते ईश्वर असल्याची कारणं एकामागून एक मांडतात. नाही म्हणणाऱ्याच्या तोंडूनच ईश्वर सिद्ध होत असता तर एवढा खटाटोप त्यांनी केलाच नसता.

मात्र मी वर जे सांगितलं त्याने देव नाही हेही सिद्ध होत नाही. तुझं वाक्य अर्थपूर्ण आहे, त्यात अंतर्विरोध नाही, एवढंच त्याने कळतं. देव आहे की नाही हा प्रश्न होता तिथेच आहे. काकांशी बोलताना याच्या पुढे जाऊ नकोस.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘तू नाही म्हणतोस म्हणजे हो म्हणतोस’ हे वाक्य समोरच्याकडे असहमत व्हायला शब्दच शिल्लक ठेवत नाही. मुलींनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्या संदर्भात हे ऐकलं आहे, म्हणून मला ते कुणाच्याही तोंडून सहन होत नाही. आणि काकांनी स्वतःपुरता विचार करून पाहावा. आषाढात पावसापाण्यात आळंदीहून पंढरपुरापर्यंत ते पायी जातात, पाय सुजतात, तंबूत ओल असते, तरी पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. एवढं करून ते जे ‘आहे’ म्हणतात, तेच जर पुण्यात खोलीवर बसून तू ‘नाही’ म्हटल्यानेही होत असेल, तर त्यांच्या चालण्याला काय उरलं? काकांच्या ‘हो’ला वजन आहे, कारण ‘नाही’ म्हणण्याची सोय त्यांनाही होती आणि तरीही ते ‘हो’ म्हणाले. त्यांना हे एवढ्याच शब्दांत सांग. वारकरी माणसाला ते पटेल असं मला मनापासून वाटतं.

कंसाचं उदाहरण मात्र इथे लागूच पडत नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात, की गोपी प्रेमाने, कंस भयाने आणि शिशुपालासारखे राजे द्वेषाने कृष्णापर्यंत पोचले. यातल्या कुणीच कृष्ण नाही असं म्हटलेलं नाही. कंस तर त्याच्या भीतीने झोपेतही जागा असायचा. वैर करायला समोर कुणी तरी असावा लागतो, म्हणूनच भक्तीच्या परंपरेने वैऱ्यालाही आपल्यात घेतलं. तुझं वैर नाही. तू बारावीपासून शांतपणे, कुणावर न चिडता, तुला पटत नाही म्हणतो आहेस.

नकारानकारांत किती फरक असतो याचं एक उदाहरण आपल्या संविधान सभेतलं आहे. १७ ऑक्टोबर १९४९ला सभेचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं, की देवावर मतदान करण्याच्या पेचात आम्हाला टाकू नका. कामतांनी ऐकलं नाही. मतदान झालं, बाजूने ४१, विरोधात ६८. त्या अडुसष्ट जणांनी देव नाकारला का? त्यांच्यात देव मानणारे पुष्कळ होते. श्रद्धेची सक्ती नको, प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाला मोकळीक हवी, म्हणून ते विरोधात गेले. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन पर्याय आहेत : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला ईश्वर नाही असं म्हणावं लागत नाही. त्याने कारण सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. मला ही तरतूद फार सुंदर वाटते. घरोघरी ती असायला हवी.

आता त्या रात्रीविषयी.

तोंडून ‘देवा, नको’ गेलं, याची तुला लाज वाटते आहे असं पत्रावरून जाणवलं. लाज वाटायचं काहीच कारण नाही. ठेच लागली की आपण ‘आई गं’ म्हणतो. ज्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली तीही माणसं म्हणतात, आणि त्या क्षणी आई जिवंत आहे असं त्यांना वाटत नसतं. लहानपणी जी हाक जिभेवर बसली तीच घाबरल्यावर बाहेर येते. त्या बाकावर तुला बाबा हवे होते आणि तू त्यासाठी तुझ्याजवळ असलेला सर्वांत जुना शब्द वापरलास. त्यावरून कुणी तुझ्या श्रद्धेचा निकाल लावू नये. तूही लावू नकोस.

पण एक प्रश्न मी तुला विचारते, त्याचं उत्तर मला कळवायची गरज नाही. तुझा आजचा नकार बारावीतलाच आहे, की बाबा गेल्यानंतर त्यात राग मिसळला आहे? तुकोबांचा एक अभंग आहे, ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो, मी आता त्याची गोष्ट काढणार नाही, नाव घेणार नाही, असं ते म्हणतात. याच्याइतकं कडक ‘नाही’ मराठीत दुसरं सापडणं कठीण. तरी तो नास्तिकाचा नकार नाही. ते भांडण आहे आणि ज्याच्याशी सगळा जन्म बांधला त्याच्याशीच आहे. तुझ्या आत असं भांडण चालू असेल, तर काकांना तुझ्यात जे दिसतं ते अगदीच खोटं नाही. ते त्यांनी चुकीच्या शब्दांत सांगितलं, एवढंच. नसेल, तर प्रश्न मिटला. दोन्ही थोडं थोडं असेल, तर तेही असू दे. वडिलांना जाऊन तीन वर्षं झालेल्या मुलाने देवाविषयीचं मत स्वच्छ धुऊन-पुसून मांडलंच पाहिजे, असं कुणी सांगितलं?

उदयनाचार्यांकडे शेवटचं एकदा परत जाते, कारण ते काकांच्या कामाचं आहे. एवढा वाद घालून झाल्यावर ग्रंथाच्या शेवटी ते देवाशी बोलतात. एवढं सांगूनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही त्यांची मनं दगडाची, असं आधी रागाने म्हणतात. मग लगेच म्हणतात, पण विरोध करताना का होईना, तेही तुझंच चिंतन करत असतात, ‘भवच्चिन्तकाः’, म्हणून हे कारुणिका, वेळ येईल तेव्हा तूच कृपेने त्यांना तार. पक्का वादपटू आपल्या विरोधकांसाठी देवाकडे रदबदली करतो आहे. तो श्लोक वाचताना मला दर वेळी भरून येतं. हे म्हणणं प्रार्थना म्हणून थोर आहे, कारण ते देवाला उद्देशून आहे. काकांनी तुझ्यासाठी विठ्ठलापाशी हेच मागितलं, तर ते त्यांचं प्रेम आहे, तू त्याला हरकत घेऊ नकोस. तेच वाक्य तुला गप्प करायला तुझ्यासमोर वापरलं, तर मात्र हरकत घे.

राहिला गणपती. इथे मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य सोडवत नाही. पूजा चालू असताना आई स्वयंपाकघरात असते.

पूजेत नेमकं काय होतं ते बघ. आचमन झालं की संकल्प येतो. गुरुजी यजमानाचं नाव विचारतात, गोत्र विचारतात, उजव्या हातात अक्षता आणि पळीभर पाणी घ्यायला सांगतात. ‘मम’ म्हणायला लावतात. मी हे पूजन करीन असं म्हणून ते पाणी ताम्हनात सोडायचं. मग प्राणप्रतिष्ठा, आणि त्यानंतर मूर्तीत देव आला असं मानून पुढचे उपचार. संकल्प हे यजमानाने स्वतःच्या नावाने उच्चारलेलं वचन आहे. तुला ते मनापासून म्हणता येत नसेल तर म्हणू नकोस. त्यात देवाचा अपमान नाही. उलट संकल्पाला किंमत आहे असं तू मानतोस, म्हणूनच तो खोटा करत नाहीस. बाकीची कामं मात्र टाळू नकोस. मूर्ती आणायला जा, मखर बांध, दूर्वा निवडून जुड्या कर, मोदकांचं सारण ढवळ, आरतीला सगळ्यांबरोबर उभा राहा, टाळ वाजव. ही घरच्या माणसांसोबतची कामं आहेत. त्यांत कुणी तुझ्याकडून वचन घेत नाही आणि तू आरतीला उभा राहिलास म्हणून हरलास असंही कुणी म्हणू नये. म्हणालंच तर हसून सोडून दे.

आणि पूजेला आईने बसावं.

गेली तीन वर्षं तुमच्या घरात प्रश्न हाच विचारला जातो आहे, की ज्याची श्रद्धा नाही त्या मुलाला पाटावर कसं बसवायचं. जिची श्रद्धा आहे, जिने इतकी वर्षं त्या पाटाशेजारी बसून पूजा केली, ती भिंतीपलीकडे नैवेद्याचं पान वाढते आहे, केवळ नवरा गेला म्हणून. ती तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही, ते तुझ्या नास्तिकपणामुळेच होतं का, याचा जरा विचार कर. तू बसला असतास तर निदान तिच्या माणसाच्या जागी तिचा मुलगा दिसला असता. तेही झालं नाही आणि तिला स्वतःला तर कुणी विचारलंच नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते गाव तुझ्या कराडपासून काही फार लांब नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेत तयार झालेल्या स्त्री पुरोहित घरोघरी पूजा सांगतात. तुमचे नेहमीचे गुरुजी कां-कूं करू लागले, तर दुसऱ्या गुरुजींना किंवा एखाद्या स्त्री पुरोहितांना बोलवा. आईला स्वतःच पोथी घेऊन साधी पूजा करायची असेल तर तेही उत्तम. काकांनी वारीत आयुष्य घालवलं आहे. जनाबाई आणि सोयराबाई यांचे अभंग गात चालणाऱ्या माणसाला, बाईने देवासमोर बसायचं की नाही, हे समजावून सांगावं लागू नये.

आधी आईला विचार, एकटीला, आणि श्रावणातच विचार. गणपतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाच्या गडबडीत विचारलंस तर ती नाहीच म्हणेल. कदाचित तरीही नाही म्हणेल, लोक काय म्हणतील या धास्तीने. तिचं ते ‘नाही’ नीट ऐकून घे, थोडे दिवस जाऊ दे आणि आणखी एकदा विचार. दुसऱ्यांदाही नको म्हणाली तर तो तिचा निर्णय, मग चुलतभाऊ बसेल आणि तू तिच्याबरोबर स्वयंपाकघरात थांब. हो म्हणाली, तर काकांना सांगायचं काम तुझं आहे. ते आईवर टाकू नकोस, आणि फोनवर सांगू नकोस, कराडला जाऊन समोर बसून सांग.